रात्री तीनला सेन्सर ५८, सकाळी शुगर २८०. पंप बिघडलाय का?

सईची_आई
नमस्कार. लवकर उत्तर हवंय. मुलीला डायबेटिस आहे, इन्सुलिनचा पंप आणि अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावलाय. रोज रात्री दोन-तीनच्या सुमारास लो चा, म्हणजे शुगर फार उतरल्याचा, अलार्म बोंबलतो. ५८, ५५, एकदा तर ५० च्या खाली. घाबरून उठते, अर्धवट झोपेतच पोरीला ग्लुकोजचं पाणी पाजते आणि सकाळी शाळेच्या वेळी २८०. हेल्पलाइनवाला म्हणाला सेन्सर बदला. बदलला. तेच. घरात कुणाची झोप होत नाही. पंप बदलून मागावा का?

ओलीसुकी
टाइप वन ना? वय किती? सेन्सर पंपाला जोडलेला आहे की वेगळा? आणि मुख्य म्हणजे ५८ दाखवलं तेव्हा बोटाला टोचून पाहिलं का?

सईची_आई
टाइप वनच, पाचवीतल्या पोरीला पंप म्हटल्यावर आणखी काय असणार. जोडलेला आहे. शुगर उतरायला लागली की पंप आपणहून इन्सुलिन थांबवतो. आणि झोपलेल्या मुलीचं बोट कशाला टोचू? मग सेन्सरवर एवढे पैसे कशाला घातले?

घाटावरचा_बाबा
म्हणून आम्ही पंपाच्या नादी लागलोच नाही. मुलगा इन्सुलिन पेनच्या इंजेक्शनांवर आहे. जेवणाआधी तीन, रात्री लाँग ॲक्टिंगचं एक. ना अलार्म, ना नळी.

ओलीसुकी
बाबा, पंप घ्यावा का असं त्यांनी विचारलेलंच नाही.

घाटावरचा_बाबा
अनुभव सांगितला. पटला तर घ्या.

काढा_आणि_कारलं
ताई, रात्रभर भिजवलेली मेथी आणि सकाळी कारल्याचा रस सुरू करा. इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही.

जुना_टाइपवन
अहो काढेवाले, टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवून जेमतेम काही महिने-वर्षं तगवत. सवय कसली? कुणी वाचून खरंच इन्सुलिन बंद केलं तर कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन आयसीयूत जाईल. असले सल्ले दुसऱ्या धाग्यावर द्या.

सईची आई, सेन्सर कुठे लावलाय? ती कुठल्या कुशीवर झोपते?

सईची_आई
डाव्या दंडावर. नवीनही तिथेच, थोडा बाजूला लावला. झोपते भिंतीकडे तोंड करून, म्हणजे डाव्याच कुशीवर. याचा काय संबंध?

जुना_टाइपवन
सगळा संबंध तिथेच असावा. सेन्सरची तार रक्तात नसते, कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवात असते. दंड अंगाखाली दबला की तिथलं रीडिंग खोटंच खाली येतं. याला 'कॉम्प्रेशन लो' म्हणतात. रात्रीचा आलेख उघडून बघा. खरी लो बहुतेकदा उतरत उतरत येते. दाबाची लो कड्यावरून ढकलल्यासारखी पडते आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येते.

पंपाला बिचाऱ्याला काय कळणार? त्याला ५८ दिसतं, तो इन्सुलिन थांबवतो. वरून तुम्ही ग्लुकोज पाजता. सकाळी २८० दिसणारच.

मैदानावरची_मावशी
एवढी खात्री नको. मुलगी संध्याकाळी खेळते का? दमून आल्यावर स्नायू रक्तातली साखर ओढून आपला साठा भरत राहतात, त्यामुळे लो कित्येक तासांनी, ऐन मध्यरात्री येऊ शकते. ती खरी असते!

सईची_आई
मंगळवार-शनिवार खो-खो. पण अलार्म रोजच वाजतो.

गॅजेटगुरू
सोपं आहे. अलार्म वाजला की बोटाला टोचा आणि तो आकडा टाकून तिथल्या तिथे कॅलिब्रेट करा, म्हणजे सेन्सर त्या आकड्याशी जुळवून घ्या.

जुना_टाइपवन
नाही! दबलेल्या सेन्सरला कॅलिब्रेट केलंत तर हात मोकळा झाल्यावर तो भलतंच वर दाखवेल आणि त्या आकड्यावर पंप जास्त इन्सुलिन सोडेल. कॅलिब्रेशन शुगर स्थिर असताना, बाण सपाट असताना करायचं.

गॅजेटगुरू
नवीन सेन्सरना कॅलिब्रेशन लागतच नाही मुळी.

ओलीसुकी
मग सल्ला का दिलात? :)

सईची आई, आज अलार्म वाजला की हात धुऊन-पुसून बोटाला टोचा. ग्लुकोजचा हात असेल तर मीटरही चुकीचं दाखवतो. स्ट्रिपवर ७० च्या खाली आली तर द्या, पण झोपेत पाजू नका, ठसका लागेल. उठवून बसवा. पंपाने आधीच इन्सुलिन थांबवलेलं असतं, तेव्हा किती ग्रॅम द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्ट्रिप नसेल किंवा घाम, थरथर दिसत असेल तर मात्र वाट न बघता लगेच द्या.

आणि सकाळचे २८० करेक्शन (शुगर उतरवायचा जादा इन्सुलिनचा डोस) देऊनही उतरत नसतील तर कॅन्युला (कातडीखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी) वाकलीय का बघा, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) तपासा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, पुरवठा तुटला तर काही तासांतच कीटोन चढतात. पेन घरात आहे ना?

सईची_आई
पेन फ्रिजमध्ये आहे. करेक्शनने दुपारपर्यंत उतरते.

नागपूरची_संत्री
अवांतर: विमानप्रवासात पंप एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवू नका, हाताने तपासा म्हणून सांगा. डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या.

सईची_आई
आम्ही कुठेही चाललेलो नाही.

काल रात्री सेन्सर ५६, बोटाला १३४! उजव्या कुशीवर वळवली, काही दिलं नाही, थोड्या वेळाने सेन्सर आपोआप शंभरावर. सकाळी १५०.

जुना_टाइपवन
पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावा, त्या कुशीवर ती झोपत नाही.

मैदानावरची_मावशी
काल खो-खो नव्हता. शनिवारी रात्री बघा, मग बोला.

सईची_आई
मावशी, शनिवारी सेन्सर ६१ आणि बोटालाही ६६ आली. सेन्सर उजवीकडे, झोपलेली डावीकडे. म्हणजे खेळाच्या दिवशी बेसल (पंप सतत थोडं थोडं सोडतो ते इन्सुलिन) कमी करायचं का? किती? आणि खेळायच्या आधीपासून की झोपताना?

मैदानावरची_मावशी
तो आकडा इथे कुणाकडून घेऊ नका. दोन्ही रात्रींचे आलेख डॉक्टरांना पाठवा, खेळाच्या वेळा लिहून.

घाटावरचा_बाबा
पेनवर हे काहीच बघावं लागत नाही.

ओलीसुकी
बाबा, पेनवर शुगर उतरतच नाही की उतरलेली कळत नाही?