वेफर्स लाल का पडतात
तेल जास्त तापलं म्हणून वेफर्स लाल होतात असं एका ताईंनी लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. बटाटा कोल्ड स्टोरेजमधे २ ते ४ डिग्रीला राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तीच लाल पडते, मग तेल कितीही सांभाळा. आमच्या जळगावकडे वाळवणाला म्हणूनच होळीच्या आसपासचा नवा बटाटा घेतात, काचऱ्या तुरटीच्या पाण्यात टाकायच्या, अर्धवट उकडायच्या आणि गच्चीवर कडक उन्हात पसरायच्या, हातात घेतल्या की खुळखुळ वाजल्या पाहिजेत.

मिळाला तर चिप्सोना घ्या, खास चिप्ससाठीच काढलेली जात आहे ती, साखर कमी असते. ज्योती जातीचा बटाटा काळ्या मसाल्याच्या रश्श्याला मस्त, त्याला वेफर्सच्या भानगडीत पाडूच नका.