आईची दाढ: रूट कॅनॉल करू की काढून टाकू? (नेर, जि. यवतमाळ)

वेचणीवाला

नमस्कार मंडळी. आमचं गाव नेर तालुक्यात. आई ५८ वर्षांची, सात वर्षांपासून शुगरची गोळी चालू. खालची उजवीकडची दाढ दिवाळीच्या आधीपासून ठणकत होती. गरम चहा लागला की डोळ्यातून पाणी, अन् रात्री आडवी झाली की कळ वाढायची. मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तेव्हा थांबलं.

तरी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्या दाढेचा छोटा एक्स-रे काढला. म्हणाले कीड दाताच्या आतल्या नसेला भिडली, रूट कॅनॉल करून वर कॅप बसवा लागते. साडेतीन हजार रूट कॅनॉलचे, चार हजार कॅपचे, तीन-चार चकरा.

आई म्हणते, "आता दुखत नाई तं कायले एवढे पैसे घालतं? काढून टाक म्हणा थो दात." शेजारचे काका म्हणतात, दाढ काढली की डोळे जातात. म्हणजे ठेवायचीही नाही अन् काढायचीही नाही. इकडे कापूस फुटून लोंबून राह्यला, वेचायला बाया मिळत नाहीत. काय करावं? अन् करायचंच तर इथेच करावं की यवतमाळ, अमरावती, नागपूर? अनुभव सांगा.

पैनगंगाकाठ

काकांना सांगा, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. म्हातारपणी दात पडतात त्याच वयात मोतीबिंदूही होतो, म्हणून लोकांनी जोडी लावून दिली. बाकी जाणकार सांगतील.

दवाखाना_तालुका

मी दातांची डॉक्टर आहे, अमरावती जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बसते. तुमच्या आईचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे ढोबळच समजा.

आधी "दुखत नाई" बद्दल. माझ्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दाताच्या आत पोकळी असते, तिच्यात नस आणि बारीक रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की ती सुजते, पण भोवती दाताची कडक भिंत असल्याने सुजेला जागाच मिळत नाही, म्हणून असं ठणकतं. गरमाने कळ येणं, आडवं झाल्यावर वाढणं, ही नस वाचण्यापलीकडे गेल्याची नेहमीची लक्षणं. मग एक दिवस नस मरते आणि दुखणं आपोआप थांबतं. लोक म्हणतात गोळीने बरं झालं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर गोळीतलं औषध तिथे पोचणार कसं? आतला संसर्ग मुळाच्या टोकाशी हाडात उतरतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षाने, गाल सुजवून परत येतो. अँटिबायोटिक सूज-तापाला लागतं, नुसत्या ठणक्याला नाही.

रूट कॅनॉलमध्ये ती खराब नस काढायची, मुळातल्या नळ्या बारीक सुयांसारख्या फाईलींनी घासून रुंद करायच्या, औषधी पाण्याने धुवायच्या (हे पाणी कपड्याच्या ब्लीचच्या जातीचं असतं), आणि गटापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून केलेला पदार्थ भरून नळ्यांचं तोंड बंद करायचं. पुढच्या दाताला बहुधा एक नळी असते, खालच्या दाढेला तीन किंवा चार. एक राहून गेली तर दाढ पुन्हा त्रास देते. म्हणून सुरू करण्याआधी, काम चालू असताना आणि भरल्यावर एक्स-रे काढावे लागतात. "दहा वेळा फोटो कायले काढता?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

दुखतं का? दाढ सुन्न केल्यावर काम करताना दुखू नये. मात्र ऐन ठणक्यात सुजलेली खालची दाढ सुन्न व्हायला कटकट करते, एखादं इंजेक्शन जास्त लागतं. दुखलं तर हात वर करायचा, सोसत बसायचं नाही. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुस राहते, ते चालतं.

शुगरवाल्यांना खास सांगते. उपाशी येऊ नका. आता मार्गशीर्षातले गुरुवार येतील. आमच्याकडे बाया उपास धरून, वरून शुगरची गोळी घेऊन येतात आणि खुर्चीतच घाम फुटून गळून जातात. घरून जेवून, रोजची गोळी घेऊन, सकाळची वेळ मागा. परत गेल्यावर ओठ दोन-तीन तास जड असतो, तेवढ्यात जेवलं तर जीभ-गाल चावला जातो. शुगर फार वाढलेली असेल तर आधी तपासून या. बीपी किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, पण ती मनाने बंद करू नका.

आता काढायचं का? दाढ हिरडीखालपर्यंत चिरली असेल, वर काही उरलंच नसेल किंवा मुळातच हलत असेल (शुगरमध्ये हिरड्या लवकर ढिल्या होतात), तर मीच काढा म्हणेन. टिकण्यासारखी असेल तर ठेवा. काढलेल्या जागी बाजूची दाढ कलते, वरची खाली उतरते, आणि पुढे नवा पक्का दात बसवायला बहुधा रूट कॅनॉलपेक्षा जास्तच खर्च येतो. पण एक स्पष्ट बोलते. चार चकरा आणि कॅप, हे सगळं पूर्ण करणं वेचणीमुळे शक्य नसेल, तर अर्धवट रूट कॅनॉलपेक्षा दाढ काढलेली परवडली.

खर्रा_बंद_केला

डॉक्टर ताईंच्या शेवटच्या वाक्याचा जिवंत नमुना मी. तीन वर्षांआधी रूट कॅनॉल केलं, नळ्या भरून झाल्या, वर कच्चं सिमेंट लावलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसात कॅपचं माप द्यायला या. दुखत तं नव्हतं. सोयाबीन निघालं, मग चणा पेरला, मग लग्नसराई. आठ महिन्यांनी फुटाणे खाऊन राह्यलो होतो, कट्ट आवाज आला. दाढ उभी दोन फाकी. काढाच लागली. आधीचे साडेतीन हजार पाण्यात.

दुसरं, खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून करतात तो) खाणाऱ्यांसाठी. माझं तोंड उघडणं कमी झालं होतं. तीन बोटं उभी जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत अवजार नेणं डॉक्टरला मुश्कील होते. अन् तोंड आखडणं हे दुखण्यापेक्षा मोठं लक्षण आहे, ते वेगळं दाखवून घ्या.

संत्रानगरी

मले तं हा सगळा धंदा वाटते. आमच्या बुढ्याचे आठ दात काढले, ऐंशी वर्षं जगला, भाकर खात होता. पहिले गावात बाई यायची, रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची, परातीत किडे पडायचे. वीस रुपयांत काम.

दवाखाना_तालुका

@संत्रानगरी, परातीतले ते किडे दातातले नसतात. दातात किडा नसतोच. तोंडातले जंतू गोडधोडावर आम्ल तयार करतात, त्याने दात विरघळतो, त्यालाच आपण कीड म्हणतो. धुरीने घटकाभर बधिर वाटत असेल. बाकी आजोबांच्या भाकरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. 🙂 धंद्याबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे, कारण काही ठिकाणी नस जिवंत असताना, नुसत्या सिमेंटने भागत असतानाही रूट कॅनॉल सांगतात. म्हणून एक्स-रे बघायला मागा, कीड कुठवर गेली ते बोट ठेवून दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर दुसरीकडे विचारा.

अजून एक, दाढेवर ॲस्पिरिन दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंग तेल कापसाला थेंबभर चालेल, पण ते एका रात्रीपुरतं. आणि जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, थुंकी गिळत नाही असं झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात. वरून गरम शेक तर अजिबात नको.

वर्धेकर

कुठे करायचं त्यावर. पैसे कमी अन् वेळ असेल तर दंत महाविद्यालय. नागपूरला मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, आमच्या वर्धेजवळ सावंगी मेघेला आहे, अमरावतीलाही आहे. केस पेपर काढा, बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडते. काम विद्यार्थी करतात, मोठे डॉक्टर टप्प्याटप्प्याला येऊन तपासतात. माझ्या वेळी एकेका बैठकीला दोन तास लागले, पण रबर डॅम लावून, नीट केलं. (तो रबरी पडदा. त्यातून फक्त आपली दाढ वर दिसते, फाईल की औषध घशात जात नाही.) यष्टीभाडं अन् बुडालेली मजुरी धरा मात्र. चार चकरा मारल्या की स्वस्त तितकं स्वस्त राहत नाही.

गावाजवळ करायचं तर विचारून घ्या की रूट कॅनॉल कोण करणार. तालुक्याच्या बऱ्याच दवाखान्यात शहरातून याच कामातले एमडीएस (दातांचं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर) ठरलेल्या वारी येतात. अवघड दाढ असेल तर त्या दिवसाची वेळ मागा. अन् सांगितलेल्या पैशात कॅप धरली की नाही, कॅप कोणती, हे कागदावर लिहून घ्या.

वेचणीवाला

सगळ्यांचे आभार, दीड महिन्यानं लिहितो आहे. नेरलाच केलं. बाहेरून येणारे डॉक्टर मंगळवारी येतात, तेव्हाची वेळ घेतली. गावातल्या बायांना मंगळवारी दुपारून वेचायला लावलं, म्हणजे सकाळ मोकळी. पहिल्या दिवशी दोन इंजेक्शनं लागली. चार नळ्या निघाल्या. एक्स-रे मागितला तर डॉक्टरांनी आईलाच दाखवला. आई म्हणे, "हे तं माह्या दाढेचं मूळ तुरीच्या मुळासारखं दिसते."

तिसरी बैठक झाली, कॅपचं माप दिलं, पुढच्या मंगळवारी बसेल. रक्कम ठरली तेवढीच, फक्त एक्स-रेचे दीडशे वेगळे. आई अजून त्या बाजूनं चावत नाही, भिते.

काका काल पारावर विचारून राह्यले होते, मंगळवारी गाडीत जागा आहे का म्हणून.