सेकंड हँड केमन एस: हौस म्हणा, असेट म्हणू नका

गंगापूररोडकर
मागच्या रविवारी मित्राबरोबर एक गाडी बघून आलो. पोर्श केमन एस, २०१४ चं मॉडेल, मुंबई पासिंग. मागणी ५५ लाख. डीलरचं एकच पालुपद: "साहेब, ही गाडी नाही, असेट आहे. भाव चढतच जाणार." मित्र टोकन द्यायला निघाला होता. चहाच्या निमित्ताने त्याला बाहेर काढलं.

गाडी देखणी आहे, वादच नाही. ३.४ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, ३२५ पीएस ताकद. आक्षेप आहे तो 'असेट'ला. ५५ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३ लाख ८५ हजार व्याज. विम्याचं कोटेशन आलं १ लाख १० हजार. नाशिकला कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, म्हणून मुंबईपर्यंत गाडी लादून न्यायला फ्लॅटबेड ट्रक, सर्व्हिस, टायर धरून दीड लाख. झाले वर्षाला जवळजवळ साडेसहा लाख, आणि गाडी अजून गेटबाहेर पडलेली नाही. पाच वर्षांनी ८७ लाखांना विकली तर कुठे बरोबरी. तोवर रजिस्ट्रेशनची १५ वर्षंही उलटलेली असतील.

डीलर परदेशातल्या लिलावांचे आकडे दाखवतो. त्यांचा इथे संबंध काय? तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आपल्याकडे आयात करता येत नाही, आणि ड्युटी भरून फुगलेल्या किमतीची आपली गाडी बाहेरचा कोणी घेत नाही. आपलं डबकं वेगळं.

मधलं_इंजिन
सहा वर्षं हीच गाडी वापरतोय, म्हणून बोलतो. व्याजाचा हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त स्पोर्ट्स कारलाच का लावता? आमच्या सोसायटीत ९० लाखांची नवी एसयूव्ही आली, चार वर्षांत निम्म्यावर. तिच्या व्याजाबद्दल कुणी धागा काढला नाही! केमन पहिल्या मालकाकडे जेवढी पडायची तेवढी पडून झालेली असते. मी घेतली त्याच भावाला आजही गिऱ्हाईक आहे.

आणि मागणीला कारण आहे. २०१६ मध्ये केमनची पुढची पिढी, ७१८, आली तेव्हा सहाच्या जागी चार सिलिंडर टर्बो बसवलं. आवाज गेला तो गेलाच. जुनी सहावाली तेव्हापासून लोक शोधतात.

खर्चाचं म्हणाल तर मोठी बिलं वेगळ्याच ठिकाणाहून येतात. पुढच्या बंपरच्या जाळीमागे दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत. गाडी दोन पावसाळे गुलमोहराखाली उभी केली. ती बारीक पानं आत जाऊन भिजली आणि चहाच्या चोथ्यासारखी थापून बसली. ओल धरली, कंडेन्सरला भोक पडलं. चूक माझीच. आता दर महिन्याला व्हॅक्यूमची चपटी नळी घालून साफ करतो, पंधरा मिनिटांचं काम. दुसरं म्हणजे उंदीर. त्यावर स्वतंत्र धागा लागेल.

पाथर्डीफाटा
इंजिनदादा, गोष्ट अर्धीच सांगितलीत. चार सिलिंडरवर ओरड झाली आणि त्याच ७१८ मध्ये ४ लिटरचं सहा सिलिंडर परत आलं, २०२० पासून जीटीएस ४.० मध्येही, ४०० पीएस. मग 'शेवटची सहावाली' कुठे राहिली? दुर्मिळपणा कंपनीच्या हातात असतो.

पोर्शचीच ९११ आर आठवा. २०१६, फक्त ९९१ गाड्या, मॅन्युअल गिअर. भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेले. पुढच्याच वर्षी ९११ च्याच जीटी३ मॉडेलमध्ये मॅन्युअल परत दिलं आणि आरचा फुगा बसला. तिथे ९९१ गाड्यांची ही गत, तर आपली केमन एस कुठल्या झाडाचा पाला!

उद्या युरोपातून येणाऱ्या गाड्यांची ड्युटी उतरली तर नव्या स्वस्त होतील, आणि जुन्यांचा भाव त्यांच्यामागे खाली येईल. ही भीती परदेशातल्या मालकाला नाही, आपल्याला आहे.

मधलं_इंजिन
पेट्रोलवाली ७१८ बनवणंच २०२५ मध्ये बंद झालं, तेही लिहा की.

सीए_पंचवटी
दोघांच्या हिशोबात एक ओळ राहिली. स्वतःच्या वापराची गाडी आयकराच्या भाषेत भांडवली मालमत्ता नाही. नफ्यात विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, तोट्यात विकली तर तो तोटा कुठे वळताही करता येत नाही. म्हणजे डीलर जिला असेट म्हणतो तिला कायदाच तसं मानत नाही, आणि गंमत म्हणजे त्यात मालकाचा फायदाही होऊ शकतो. मात्र फर्मच्या नावावर घेऊन घसारा लावलात तर हे गणित विसरा.

विम्यात आयडीव्हीकडे बघा, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही संमतीने ठरवता. प्रीमियम वाचवायला ३० लाख लिहिलेत आणि कसारा घाटात गाडी गेली, तर ५५ चा भाव सांगून उपयोग नाही. आणि १५ वर्षांनंतर आयात गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्कच ४० हजार आहे.

द्राक्षवाला_पिंपळगाव
भाऊ, ५५ लाखांवर सात टक्के व्याज, म्हणे. आमचे बागेत गेले असते तर एका अवकाळीत मुद्दलसुद्धा झोपलं असतं. घेऊ द्या त्याला. पण चालवणार कुठे? कुंभासाठी अर्धं शहर खणलंय.

मधलं_इंजिन
सकाळी सहाला समृद्धीवर, इगतपुरीपासून. १२० ची मर्यादा आहे, आणि आवाजाला तेवढी पुरते. गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर मात्र तिरके घ्यावे लागतात, नाहीतर पुढचा लिप, म्हणजे बंपरची खालची कड, खरवडून निघतो.

गंगापूररोडकर
मित्राला सगळा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, ८७ लाखांचं सोडा, ५५ ची घेऊन पाच वर्षांनी ४० ला गेली तरी चालेल. आता 'असेट' म्हणत नाही, तेवढं बरं. डीलरला ५० सांगून आलाय, अजून फोन नाही. इंजिनदादा, होकार आला तर टोकनआधी गाडी बघायला याल का? बंपरची जाळी मीही उघडून बघितली नव्हती.

मधलं_इंजिन
येतो. टॉर्च आणि चपटी नळी माझी. डीलरला आधी कळवू नका, नाहीतर धुऊन ठेवेल.