मदत हवी आहे : सांतोसवर पानभर लिहायचंय, परवा छपाई

रंकाळाकाठ
मंडळी, ब्राझीलच्या सांतोसवर पानभर मजकूर लिहायचा आहे आणि परवा सकाळी तो छापायला जाणार. फुटबॉलमधला बॅक, म्हणजे बचाव करणारा, होता, १९५८ आणि १९६२ दोन्ही विश्वचषक जिंकलेला. पण वाचावं तिथं वेगळंच. एके ठिकाणी क्लब बोटाफोगो, दुसरीकडं पाल्मेरास. एक म्हणतो ५८ ला सगळे सामने खेळला, दुसरा म्हणतो फक्त फायनल. खरं काय? शोधून बघा असं सांगू नका, दोन दिवस तेच चाललंय.

फुलबॅक_जुना
कोणता सांतोस? त्या संघात दोन होते.

शनिवारकट्टा
सांतोस म्हणजे पेलेचा क्लब. १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. त्यावर लिहा, पान सहज भरेल.

रंकाळाकाठ
अहो क्लब नव्हे, माणूस! डावीकडचा बॅक. ऑस्ट्रियावर गोल मारलेला.

फुलबॅक_जुना
हे पहिल्यांदाच सांगायचं होतं. तुमचा माणूस निल्टन सांतोस, लेफ्ट बॅक. १९४८ ते १९६४ एकच क्लब, बोटाफोगो. ५८ ला सगळे सामने खेळला. दुसरा जाल्मा सांतोस, राइट बॅक, १९५९ पासून पाल्मेरासचा. ५८ ला स्वीडनमध्ये त्याच्या जागी दे सोर्दी खेळत होता, जाल्मा फक्त फायनलला उतरला. दोघांचं नातं काही नाही. दोघंही २०१३ मध्येच गेले, त्यामुळं मृत्युलेखांतसुद्धा सरमिसळ झालेली दिसते. तारखा नीट तपासून घ्या : निल्टनचा जन्म १६ मे १९२५, मृत्यू २७ नोव्हेंबर २०१३.

मडगावचो
गारिंचाची गोष्ट घेतल्याशिवाय निल्टनवर लिहूच नका. १९५३ मध्ये गारिंचा, पुढं ब्राझीलचा गाजलेला विंगर म्हणजे कडेनं चढाई करणारा, बोटाफोगोत चाचणीला आला आणि समोर उभा केला तो निल्टन, तेव्हाच ब्राझीलकडून खेळणारा. त्या पोरानं त्याच्या पायांमधून बॉल काढून नेला असं सांगतात. दुसरा कुणी सिनियर असता तर राग धरला असता. यानं क्लबवाल्यांना सांगितलं, याला लगेच घ्या, उद्या हा आपल्याविरुद्ध खेळायला नको. मोठेपणा तो हा.

पहिलीशिट्टी
मोठेपणाचंच म्हणाल तर ६२ चा स्पेनविरुद्धचा सामनाही लिहा. स्पेन १-० पुढं, निल्टननं त्यांच्या कोल्यारला बॉक्सच्या, म्हणजे जिथं फाऊल केला की पेनल्टी मिळते त्या गोलसमोरच्या चौकटीच्या, आत पाडलं आणि दोन पावलं पुढं टाकून बाहेर येऊन उभा राहिला. रेफ्री लांब होता, पेनल्टी दिलीच नाही, फ्री किक दिली. पुढं आपल्या म्हणजे ब्राझीलच्या अमारिल्डोनं दोन गोल केले, ब्राझील २-१ जिंकलं. मी जिल्हा पातळीवर रेफ्री होतो, मला हे कधीच पटलेलं नाही.

मडगावचो
सदतीस वर्षांचा गडी, पेले जखमी होऊन बाहेर, हरले तर घरी जायची भीती. त्यानं डोकं शांत ठेवलं. निर्णय रेफ्रीनं द्यायचा असतो, खेळाडूनं नाही.

पहिलीशिट्टी
मग रेफ्रीला फसवणं हा खेळाचा भाग मानायचा का? पोरांना हेच शिकवणार?

रंकाळाकाठ
भांडण नंतर करा हो. मला एवढंच हवंय की बॅक असून याला इतका मोठा का मानतात?

पुणेरी_सेंटरहाफ
कारण बॅकनं पुढं जायचं असतं हे त्यानं दाखवलं. लहानपणी फॉरवर्ड खेळायचा, ती सवय सुटली नाही. ८ जून १९५८, ऑस्ट्रियाविरुद्ध हा आपल्या हाफमधून बॉल घेऊन निघाला. बाकावरून कोच फिओला मागं फिर म्हणून ओरडत होता असं सांगतात, आणि गोल झाल्यावर शाबास म्हणाला. त्या काळी लेफ्ट बॅकचं काम म्हणजे राइट विंगरला चिकटून राहायचं आणि बॉल लांब मारायचा.

इंटर_प्रेमी
पुढं जाणारा बॅक खरा इटलीचा, आमच्या इंटर क्लबचा फाकेत्ती.

पुणेरी_सेंटरहाफ
फाकेत्ती साठच्या दशकातला. वर्षं बघा.

फुलबॅक_जुना
झगालोला विसरू नका. डावा विंगर असून तो मागं येऊन जागा भरायचा, म्हणून निल्टनला वर जाता आलं. ५८ नंतर दोघं क्लबातही एकत्र. मी तीस वर्षं पोरांना हेच सांगतोय, बॅक वर गेला की त्याची जागा कोण धरणार ते आधी ठरवा.

पुणेरी_सेंटरहाफ
झगालो यायच्या आधीही तो वर जात होताच की.

कोकणी_माणूस
पानभर कुणासाठी? शब्द किती? ते कळल्याशिवाय काय सांगणार?

रंकाळाकाठ
आमच्या शाळेच्या संघाचं छोटं पत्रक निघतं. कोल्हापुरातलं तुम्हाला माहीत आहेच, वर्ल्ड कप आला की गल्लोगल्ली ब्राझील नाहीतर अर्जेंटिना. प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचंय. बॅकला उभं केलं की तोंड पडतं, शिक्षा मिळाल्यासारखं. म्हणून बॅकचं पान करायचं, चारशे शब्दांचं.

पुणेरी_सेंटरहाफ
मग ऑस्ट्रियाचा गोल आणि गारिंचा, हे दोन प्रसंग भरपूर झाले. खाली एक ओळ : १९५० ला संघात होता पण एकही मिनिट मिळालं नाही, तरी नंतर दोनदा जगज्जेता. राखीव पोरं तेवढी ओळ नक्की वाचतील.

पहिलीशिट्टी
१९५४ पण येऊ दे. त्या विश्वचषकात बर्नला हंगेरीविरुद्ध त्यांच्या बोझिकशी मारामारी करून दोघं बाहेर गेले, ब्राझील २-४ हरलं. नुसतं कौतुक छापू नका.

मडगावचो
चारशे शब्दांत तेही कोंबायचं? आणि बोटाफोगो आज ज्या स्टेडियमवर खेळतं त्याला याचं नाव आहे, २०१६ च्या ऑलिंपिकच्या धावण्याच्या शर्यती तिथंच झाल्या. ते आधी घ्या.

रंकाळाकाठ
बर्न एका वाक्यात घेतो, स्पेनचं नाही. सामने किती लिहू? कुठं ७५, कुठं जास्त.

फुलबॅक_जुना
अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने ७५ आणि गोल ३. जास्तीच्या आकड्यात क्लब वगैरेंविरुद्धचे सामनेही धरतात.

शनिवारकट्टा
पेलेच्या क्लबाचं पान पुढच्या अंकात करणार असाल तर माझ्याकडं बरंच आहे.