टेस्टिंगला मित्र न्यायचे की परीक्षार्थी?

पेठेतला_बंड्या

परवा इथे ‘क्राफ्ट बिअर टेस्टिंगला ग्रुप कसा न्यावा’ असा धागा आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी त्यातली नियमावली: सहापेक्षा जास्त माणसं नकोत. रंग, फेस, वास, चव यांना प्रत्येकानं दहापैकी मार्क द्यायचे. पहिले तीन ग्लास होईपर्यंत ऑफिस, क्रिकेट, राजकारण बंद. टेबलावर मसाला शेंगदाणे आणि चिली चिकन नको. मध्ये पाणी फक्त ‘जीभ साफ करायला दोन घोट’. आणि वर कडी म्हणजे, ‘तिथे येऊनही जो स्ट्राँगची बाटली मागतो, त्याला पुढच्या वेळी कळवू नये.’ तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, तो स्ट्राँगवाला प्रत्येक ग्रुपात एक असतोच. आमचा चाकणची शिफ्ट करून, मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये सडून येतो. त्याला काहीतरी गार हवं असतं आणि आमची थोबाडं बघायची असतात. त्याच्या हातात पेन देऊन ‘गिळल्यावर काय जाणवलं ते लिही’ म्हणायचं?

आमच्याकडे हे झालंय. एकाला हा किडा चावला. ट्रे आला: लाकडी फळी, सहा भोकं, त्यात सहा बुटके ग्लास, फळीवर खडूनं नंबर. आधी फोटो. फोटो होईपर्यंत निम्म्या ग्लासांचा फेस बसला, मग त्याच बसलेल्या फेसाला मार्क. तेवढ्यात आमच्यातला एक जण, जो एरवी स्वतःबद्दल तोंड उघडत नाही, सांगायला लागला की कंपनीनं त्याला ‘राजीनामा टाक, नाहीतर आम्ही काढतो’ असं सांगितलंय. आमचे परीक्षक म्हणतात, ‘एक मिनिट, आधी चार नंबरचा वास घे, उडून जाईल.’ तो जो गप्प झाला तो घरी जाईपर्यंत. चार नंबरला साडेसात मिळाले म्हणे.

पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारी), तेव्हा आम्हीही कौतुकानं गेलो होतो. चव कळत नाही अशातला भाग नाही. पण आम्ही बसायला जातो आणि बसल्यावर बिअर पितो. तुम्ही सगळं उलटं करून ठेवलंय.

माल्टमास्तर

तो धागा माझा. तुमचा परीक्षक मित्र गाढव आहे, त्याचं खापर माझ्यावर नको. नोकरी जात असलेल्या माणसाला वास घ्यायला लावा असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. हापूसची पेटी घेताना तुम्ही देठाशी नाक लावता, देवगडचा की कर्नाटकचा यावरून आंबेवाल्याशी हुज्जत घालता, तेव्हा कुणी शिष्ट म्हणत नाही. बिअरला नाक लावलं की लगेच शायनिंग?

चिली चिकन नको याला कारण आहे. तिखटानं जीभ पोळली की चव नीट कळत नाही आणि बिचारी आयपीए, म्हणजे ती कडवट बिअर, विनाकारण शिव्या खाते. क्रमाचंही तेच. आधी हलकी लागर आणि गव्हाची, मग आयपीए, शेवटी काळी स्टाउट. हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा जिभेवर बसला की मागून आलेली गव्हाची बिअर नुसतं पाणी वाटते. शिवाय सहा ग्लास एकदम मागवायचेच नसतात, दोन-दोन मागवायचे. तुमचा फेस बसला तो फोटोमुळे, मार्कांमुळे नाही. (स्टाउट मात्र जरा कोमट झालेलीच बरी. बर्फगार स्टाउटमध्ये ना कॉफी लागते ना चॉकलेट.)

आणि मार्क कशाला? कारण मार्क नसले की सगळे ‘मस्त आहे’ म्हणून मोकळे होतात.

नाना_फडफडणीस

मस्त आहे तर मस्त आहे म्हणायचं, त्यात मोकळं काय व्हायचंय? वासात म्हणे केळं, लवंग, संत्र्याची साल, धने. बिअर आहे की सत्यनारायणाचा प्रसाद? जर्मनांनी १५१६ मध्येच कायदा करून ठेवलाय: जव, हॉप्स, पाणी. बस्स. आपल्याकडे आता कोकम काय, हापूस काय. उद्या थालीपीठाची भाजणी घालतील.

माल्टमास्तर

नाना, कायदा बव्हेरियाचा होता. त्यात यीस्टचं नाव नाही आणि गहूही नाही. म्हणजे मागच्या गटगला (गेट-टुगेदरला) तुम्ही मगच्या मग रिचवलेली हेफेवायझन, म्हणजे जर्मन गव्हाची बिअर, तुमच्याच कायद्यानं बेकायदा. केळं-लवंग त्यात कुणी टाकत नाही, आंबताना यीस्टच तो वास तयार करतं. संत्र्याची साल आणि धने बेल्जियन विटबिअरमध्ये खरोखर घालतात, तेवढं मान्य.

नाना_फडफडणीस

बरं बाबा, यीस्टचं तुमचं बरोबर. सर्टिफिकेट पाठवा, फ्रेम करून लावतो. हापूसची बिअर मी तरीही पिणार नाही.

लिंबूसोडा_डिलक्स

चव गेली खड्ड्यात. बिल कसं फोडता ते सांगा.

मी पीत नाही. त्यामुळे दर वेळी गाडी माझी आणि ड्रायव्हरही मीच. मागच्या खेपेला बालेवाडीत बसलो होतो. माझे दोन फ्रेश लाइम सोडा आणि पनीर टिक्क्याचे चार तुकडे. बिल आलं, आमच्या टेस्टिंग कॅप्टननं फोनवर भागाकार केला आणि सगळ्यांना सारखा आकडा पाठवला. माझं वेगळं काढ म्हटलं, तर ‘काय यार, मित्रांत कसला हिशेब!’ कळस म्हणजे बिलात प्रत्येक डोक्यामागे एक दिवसाच्या परमिटचे पाच रुपये लावलेले. तेही माझ्याकडून वसूल. दारू न पिण्यासाठी परवाना काढलेला महाराष्ट्रातला पहिला माणूस मीच असेन. पेट्रोल आणि पार्किंग अर्थातच कुणाच्या भागाकारात येत नाही.

बेरीज_वजाबाकी

धागा आत्ता कुठे रुळावर आला.

बिल कुणी नीट वाचतच नाही. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट (नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झालाय), म्हणून दोन्हींच्या बेरजा बिलावर आधीच वेगळ्या असतात. दारूची बेरीज पिणाऱ्यांत, जेवणाची सगळ्यांत, ड्रायव्हरला दोन्ही माफ. यात मैत्री कुठे तुटते?

चकणा_सम्राट

ड्रायव्हरला माफी कशाबद्दल? न पिणारा माणूस सगळ्यांत जास्त चकणा हाणतो, कारण त्याला दुसरा उद्योगच नसतो. आमचा एक जण एकटा प्रॉन्स कोळीवाडा संपवतो आणि वर ‘मी पीत नाही, माझे कमी काढा’. शाकाहारी पिणाऱ्यानं त्याच्या कोलंबीची कॉन्ट्री का काढायची?

लिंबूसोडा_डिलक्स

पनीरचे चार तुकडे लिहिलंय. वाचता येतं ना?

आणि रात्री साडेबाराला एकाला धायरीला सोडायचं, दुसऱ्याला मोशीला, तिसरा मध्येच ‘थांब थांब’ करत दार उघडून ओकतो, सीट रविवारी सकाळी मी धुतो. त्याचा रेट काय लावता? कॅबनं जाऊन बघा एकदा.

चकणा_सम्राट

कॅबच कशाला? टेस्टिंगलाच तर जातो. टेस्टर पिऊन गाडी चालवता येते की. चमचाभर तर असतात.

बेरीज_वजाबाकी

चमचाभर? ९० मिलीचा एक धरा. सहा म्हणजे ५४० मिली. बाटलीतला पाइंट ३३०चा असतो. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलच्या वर गेलात की गुन्हा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला त्यानंतर पुण्यातल्या माणसानं हे वाक्य लिहिताना लाज बाळगावी.

चकणा_सम्राट

लगेच अंगावर काय येता? एक मत मांडलं.

बेरीज_वजाबाकी

असल्या मतावर अंगावरच येणार. माझ्या मावसभावाच्या पायात अजून रॉड आहे. समोरच्यानंही ‘थोडीच’ घेतली होती.

नाना_फडफडणीस

सम्राट, इथे गप्प बसा. लिंबूसोडा, तुम्हाला साष्टांग नमस्कार, पण पुढच्या वेळी गाडीची किल्ली घरीच विसरा. बघा कॅप्टनचं डोकं कसं चालतं ते.

वाळूजकर

तुमचं चालू द्या. फेसाला मार्क द्या, पनीर मोजा. एक लिटर बिअर करायला कारखान्यात चार-पाच लिटर पाणी लागतं, जवाच्या शेतातलं वेगळंच. २०१६च्या दुष्काळात आमच्या घरी टँकर कधी येईल याचा नेम नव्हता आणि इकडे बिअरचे कारखाने चालू होते. शेवटी औरंगाबाद खंडपीठानं दारू कंपन्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापलं. तुमच्या धाग्यात पाणी फक्त ‘जीभ साफ करायला दोन घोट’ म्हणून आलंय.

माल्टमास्तर

तो राग मोठ्या कारखान्यांवर काढा. मायक्रोब्रुअरीच्या टाक्या त्यांच्यापुढे किस झाड की पत्ती.

वाळूजकर

लिटरमागे तुमचं पाणी जास्तच लागत असणार, छोट्या टाक्या धुवायलाही पाणी लागतंच. पण असो, तुमची आयपीए रुसेल.

रविवारची_राणी

बंड्या, तुमच्या त्या ‘बसण्या’बद्दल. ते बसणं म्हणजे परमिट रूम: मंद दिवे, काळ्या काचा आणि आत एकही बाई नाही. फॅमिली सेक्शनमध्ये जावं तर बिअर मागितल्यावर वेटर माझ्याकडे न बघता सोबतच्या पुरुषाकडे बघणार. मी आणि माझ्या मैत्रिणी मित्रांबरोबर निवांत बसायला लागलो ते या मायक्रोब्रुअऱ्या आल्यावर. तुम्हाला जे हातचं गेल्यासारखं वाटतंय, ते आमच्या हाती कधी नव्हतंच.

माल्टमास्तर, तुम्हीही हुरळू नका. परवाच स्टाउट मी मागवली. वेटरनं ती नवऱ्यासमोर ठेवली आणि मला म्हणाला, ‘मॅडमसाठी ॲपल सायडर?’ सायडर नवऱ्याची होती. त्यावर ग्रुपमधले एक टेस्टिंगवाले दादा मला यीस्ट म्हणजे काय ते समजावायला लागले. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. मी त्यांना पूर्ण बोलू दिलं, कारण चुका मोजत होते.

पेठेतला_बंड्या

परमिट रूमचं तुमचं खरं आहे, त्यावर मी काय बोलणार. पण मग हेही सांगा, तुमच्या ग्रुपात मार्क देतात का?

रविवारची_राणी

लिहून नाही देत. ग्लास संपला की एवढंच विचारतो, ‘परत घेशील का?’ त्यावरून मात्र कचाकचा भांडतो.

माल्टमास्तर

मग तेच तर मार्क!

पेठेतला_बंड्या

हे मार्क नव्हेत, ह्या गप्पा आहेत. तुमच्या नियमावलीत हा एकच प्रश्न ठेवा आणि बाकीचा कागद फाडा, मी तुमच्या ग्रुपात येतो. स्ट्राँगवाल्याला घेऊन.

माल्टमास्तर

फेसाचे मार्क मी सोडणार नाही. फेस टिकला नाही तर ग्लास नीट धुतलेला नाही, असं बऱ्याचदा निघतं, ते कळायला नको? स्ट्राँगवाल्याला आणा. पण त्याची ऑर्डर शेवटी.

चकणा_सम्राट

मगाचं राहू द्या, ते मी मागे घेतो. पण सर्व्हिस चार्जवर कुणीच कसं बोललं नाही? दहा टक्के गुपचूप लावतात, वर टीपही हवी.

बेरीज_वजाबाकी

लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलंय. काढा म्हणायचं. काढतात. तोंड वाकडं करतात, पण काढतात. तेवढे पैसे थेट वेटरच्या हातात द्यायचे.

लिंबूसोडा_डिलक्स

सर्व्हिस चार्जला वेगळा धागा काढा ओ. इथे माझं बालेवाडीचं अजून कुणी सोडवलेलं नाही. कॅप्टनचा आज पुन्हा मेसेज आलाय, शनिवारी खराडी, ‘गाडी तुझीच ना?’

नाना_फडफडणीस

किल्ली!