कड्यातला आडवा काळा पट्टा: सिल की लाव्हाचाच थर?

तापीकाठ: साक्री तालुक्यातल्या एका टेकडीचा नकाशा करतोय. माथ्यावरून काळ्या दगडाची सरळ धार पूर्व-ईशान्येला जाते, रुंदी १२ मीटर. ती डाइक (उभ्या भेगेत शिलारस, म्हणजे वितळलेला दगड, शिरून थिजलेली भिंत) आहे हे उघड आहे. घोडं अडलंय खालच्या कड्यात. तिथे ८-९ मीटर जाडीचा आडवा पट्टा आहे. दगड घट्ट, पोकळ्या जवळजवळ नाहीत, वर लाल मातीचा पातळ थर. याला सिल (आधीच्या थरांच्या मध्ये शिलारस आडवा घुसून थिजलेला पट्टा) म्हणता येईल का? आणि धारेवर होकायंत्र दर दोन पावलांना वेगळा आकडा दाखवतं, त्याचं काय करायचं?

काळापाषाण: सिल म्हणायची घाई नको. लाव्हाच्या जाड थराचा मधला भाग असाच घट्ट असतो, पोकळ्या वरच्या भागात गोळा होतात. तेव्हा पट्ट्याच्या पोटात काही शोधू नका, वरची कड बघा.

लाव्हाचा थर असेल तर घट्ट दगड वर जाताना हळूहळू मांजऱ्या होतो: पोकळ्या वाढतात, त्यांत झिओलाइट (पोकळ्यांत नंतर भरणारं, बहुधा पांढरट खनिज) दिसतं, माथा फुटका आणि लालसर असतो. सिल असेल तर वरच्या कडेलाही, खालच्यासारखाच, काही सेंटिमीटर जाडीचा बारीक कणांचा पट्टा मिळेल आणि त्याला टेकलेला वरचा दगड भाजलेला असेल. लाल मातीच्या रंगावर मात्र जाऊ नका. ती माती तिच्यावरून वाहिलेल्या पुढच्या लाव्हानेही भाजते.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे पट्ट्यातून *वरच्या* दगडात घुसलेली शीर. एक सापडली तरी पुरे. खाली गेलेली शीर काही सिद्ध करत नाही. लाव्हा जमिनीतल्या भेगांतही उतरतो. आणि एकाच जागी थांबू नका, कड्याच्या कडेने जमेल तितकं चाला. सिल मध्येच पायरी घेऊन एका थरातून दुसऱ्यात चढते, लाव्हाचा थर असं करत नाही.

गोंडवन: वरच्याशी सहमत. दख्खनच्या लाव्हात डाइक भरपूर आहेत, सिल मोजक्या. नावाजलेली मोठी सिल चाखला-डेलाखारीची, आणि ती सातपुड्यात गोंडवन खडकांत (लाव्हाच्या आधीच्या गाळाच्या खडकांत) शिरलेली आहे. वालुकाश्म आणि शेलचे (चिखलाच्या पापुद्र्यादार खडकाचे) थर सपाट पृष्ठांवर सहज सुटतात, म्हणून शिलारसाला आडवं पसरायला वाट मिळते.

डाइकची दिशा जपून नोंदवा, कारण कवच जिकडे ताणलं गेलं त्याला काटकोनात भेग उघडते. नंदुरबार-धुळे पट्ट्यात बहुतेक डाइक पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य, म्हणजे ताण साधारण उत्तर-दक्षिण. कोकणात त्या बऱ्याचशा उत्तर-दक्षिण. नाशिक-पुणे भागात सगळीकडे तोंडं, तिथे कोणताही एक ताण वरचढ नव्हता.

काळापाषाण: होकायंत्राचं राहिलंच. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज सुई ओढतं, त्यात उघड्या माथ्यावर वीज पडलेली असली तर विचारूच नका. फोनमधलं होकायंत्रही तितकंच फसतं. धारेच्या मध्यरेषेवर ३०० मीटर अंतराचे दोन बिंदू जीपीएसने घ्या आणि दिशा त्यावरून काढा. प्रत्येक बिंदूला ५ मीटर चूक धरली तरी दिशा २ अंशांत येते.

रुंदी भिंतींना काटकोनात मोजलीय ना? उतारावरून तिरकी मोजली की फुगते. आडवे खांब (दगड थंड होताना तडकून झालेले) बघा: डाइकमध्ये ते रचलेल्या सरपणासारखे, दोन्ही भिंतींना काटकोनात असतात. मध्येच बारीक कणांची रेघ आली आणि खांबांचा नवा संच सुरू झाला, तर तिथे शिलारस दोनदा शिरलाय. नमुना घेताना दोन्ही कडांचा आणि मधला, तिन्ही वेगळे ठेवा. मुरूम झालेला भाग सोडा.

विहीरवाला: नकाशा गावाच्या कामी येणार असेल तर एक भर. डाइक नाल्याला आडवी असेल तर वरच्या बाजूला पाणी अडतं, असं सरसकट लिहिलं जातं. हे घट्ट, कमी सांध्यांच्या (दगडातल्या भेगांच्या) डाइकला लागू. दाट सांध्यांची, कुजलेली डाइक उलट पाणी वाहून नेते. मे महिन्यात दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी मोजा, पण जमिनीपासूनची खोली तशीच्या तशी ताडून पाहू नका. आधी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदला. पातळीत मोठा फरक असेल तर डाइक अडवतेय. तेव्हा विहीर वरच्या अंगाला, कडेच्या तडकलेल्या पट्ट्यात घ्यावी. घट्ट डाइकच्या पोटात बोअर मारलं तर बहुधा कोरडंच लागतं.