हप्ता जमा दिसतोय, पण आईच्या पासबुकात नाही

जतकर:
जत तालुक्यात आमचं साडेतीन एकर कोरडवाहू रान आहे, आईच्या नावावर. पी.एम. किसानचे दोन हजार २०१९ पासून वेळेवर यायचे, पुढं नमो शेतकरीचेही यायला लागले. आता दहा महिने झाले, खात्यात दमडी नाही. साईटवर बघितलं तर ई-केवायसी, जमीन, आधार-बँक, तिन्हीपुढं 'येस'. हप्ताही जमा दाखवतंय. बँकेत गेलो तर म्हणतात तालुक्याला विचारा, तालुक्याला गेलो तर म्हणतात बँकेत जा. आई दर बाजाराला पासबुक भरून आणायला लावते. कॅरीबॅगेतनं ते काढते, शेवटच्या ओळीवर बोट ठेवते नि विचारते, "आपलं नाव कापलं काय रं?" मला उत्तर देता येत नाही. दोन हजारात डीएपीचं एक पोतं (१,३५० रुपये) आणि युरियाची दोन येतात. ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय. कुणाला असा अनुभव आहे का?

केंद्रचालक, विटा:
दादा, नाव कापलेलं नाही, आईंना आधी तेवढं सांगा. पैसे निघालेत, कुठं पडले ते शोधायचं. हे पैसे खाते नंबर बघून जात नाहीत, आधार बघून जातात. आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेला जोडलं, तिथंच पडतात. बाकी चार पासबुकं घरात असली तरी उपयोग नाही. 'माय आधार'च्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा. ओटीपी आईंच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येईल, मग आधार कुठल्या बँकेला जोडलंय तिचं नाव दिसेल. आणि आठवून बघा, मधल्या काळात नवीन सिम घेतलं का? सिमसाठी अंगठा घेतात नि काही जण त्याच बैठकीत पेमेंट बँकेचं (मोबाइलवरच्या छोट्या बँकेचं) खातंही उघडतात. म्हाताऱ्या माणसांना कुणी सांगत नाही. माझ्या टेबलासमोर बायामाणसं रडलेली आहेत यापायी, म्हणून एवढं लिहितोय.

दहिवडीकडचा:
आमच्या अण्णांचं वेगळं होतं, ई-केवायसीच अडली होती. जन्मभर खोरं-टिकाव, बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत, मशीन अंगठा घेईना. शेवटी ॲपवर चेहरा दाखवून झालं, अंगणात उजेडाला बसवून. ॲप प्ले स्टोअरवरनंच घ्या. व्हॉट्सॲपवर पी.एम. किसानच्या नावानं एपीके फाइल फिरते, ती उघडली की खातं रिकामं.

जतकर:
केंद्रवाले दादा, तुम्ही म्हणता तेच निघालं. यल्लम्माच्या यात्रेत आईला सिम घेतलं होतं. छत्रीखाली बसलेला पोरगा म्हणाला, "मावशी, नीट उठला नाही, परत द्या." मी शेजारीच उभा होतो, मला कळलं नाही, त्याचं फार वाईट वाटतं. चार हप्ते, आठ हजार तिथं पडून होते. आज काढले.

केंद्रचालक, विटा:
बरं झालं. आता जुन्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) म्हणून स्पष्ट सांगा. नुसतं खात्याला आधार जोडलं तर पुढचा हप्ता परत तिकडंच जाईल. पोहोच मागून घ्या.

जतकर:
भरला. पोहोच मिळाली. आईनं ती दोनदा माझ्याकडनं वाचून घेतली नि पासबुकात घडी घालून ठेवली. डीएपी उद्या आणतोय.